कात्रणाची मागची बाजू

नववीत असताना मी एक जुने मासिक कात्रीने कापले. त्या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली, पण ते कात्रण अजून माझ्या टेबलाच्या खणात एका लिफाफ्यात आहे. भुसावळला आमच्या गल्लीतल्या एका घराची रंगरंगोटी निघाली होती आणि माळ्यावरून उतरवलेल्या कागदांचा ढीग ओट्यावर पडला होता. त्यात मुखपृष्ठ गळालेला, पुढची-मागची पाने नसलेला एक अंक होता. तो चाळताना आमच्या पाठ्यपुस्तकातल्या एका कवीची कविता समोर आली आणि मी थबकलो. जी कविता आम्ही परीक्षेसाठी घोकत होतो ती कधी काळी कुणीतरी महिन्याच्या महिन्याला टपालाने येणाऱ्या अंकात पहिल्यांदाच वाचली असेल, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. घरमालकांना विचारून मी अंक घरी आणला, कवितेभोवती पेन्सिलीने चौकट आखली, आईच्या शिवणाच्या कात्रीने ती नीट कापून घेतली आणि उरलेला अंक रविवारी रद्दीत घातला.

वहीत डकवण्यासाठी खळ लावायची म्हणून कात्रण पालथे केले, तर मागे दुसरी एक कविता होती. तिची तीन कडवी पूर्ण होती आणि चौथ्याच्या दोन ओळी. शीर्षक पानाच्या वरच्या तृतीयांशात होते, ते मी कापून टाकले होते. उरलेली कविता आणि तिच्याखाली असणारे कवीचे नाव पुढच्या पानावर होते, ते रद्दीत गेले होते. मी धावत रद्दीवाल्याकडे गेलो, पण त्याचा माल सकाळीच ट्रकमध्ये चढला होता. खळ लावली नाही, एवढेच काय ते माझे शहाणपण. पुढच्या बाजूच्या कवीचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ते दिले की वाचणाऱ्याचे लक्ष पुन्हा त्या बाजूलाच जाईल, आणि माझ्याकडून झाली तीच चूक पुन्हा घडेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतली मराठी मासिके मी जमवतो, ती या कात्रणामुळे. पुस्तके जमवणारे पुष्कळ आहेत, पण मासिके जमवणाऱ्याकडे लोक थोड्या कीवेने बघतात, कारण मासिक ही वस्तू वाचून टाकून देण्यासाठीच असते असा सर्वांचा समज आहे. तो समज त्या काळच्या कवितेपुरता तरी साफ चुकीचा आहे. केशवसुत १९०५ साली गेले आणि बालकवी १९१८ साली. दोघांच्याही हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. केशवसुतांची कविता पुस्तकरूपाने आणली ती हरिभाऊ आपट्यांनी, कवीच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी. 'बी' या एकाक्षरी नावाने लिहिणाऱ्या नारायण मुरलीधर गुप्ते यांचा पहिला संग्रह १९३४ साली आला, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. गडकऱ्यांचा संग्रहही १९२१ चा, म्हणजे ते गेल्यानंतर दोन वर्षांनी आलेला. या पिढीची कविता तिच्या पहिल्या वाचकांपर्यंत गेली ती 'करमणूक', 'मनोरंजन', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांच्या पानांवरून. पुस्तक हे नंतरचे, पुष्कळदा स्नेह्यांनी आणि आप्तांनी मागाहून गोळा केलेले. तेव्हा मूळ पाहायचे असेल तर मासिकाकडेच जावे लागते.

आणि त्यासाठी आम्हा खानदेशकरांना मुंबई-पुण्याकडे बघण्याची गरज नसावी, निदान वरवर पाहता तरी. 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली सुरू केले ते जळगावातून, आणि ते पुढे अनेक दशके चालवले. त्या काळी जळगाव हे काही साहित्याचे माहेरघर नव्हते. कापसाच्या गाठी, रेल्वे आणि पेढ्या यांचे ते गाव. तिथे बसून एका माणसाने महिन्याच्या महिन्याला नुसत्या कविता छापाव्यात आणि महाराष्ट्रभरच्या कवींनी त्या पत्त्यावर आपल्या रचना पाठवाव्यात, याचे मला अजून नवल वाटते. १९०७ साली जळगावात भरलेल्या पहिल्या कविसंमेलनामागेही हेच फडणीस होते. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या, सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी तिथे कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव घेऊन ते घरी गेले. केशवसुतांनीही शतकाच्या उंबरठ्यावरची काही वर्षे भडगावला आणि फैजपूरला शाळामास्तरकीत काढली. फैजपूर म्हटले की आता सर्वांना १९३६ चे काँग्रेसचे अधिवेशन आठवते, आणि ते आठवायलाच हवे; पण त्याआधी तीसेक वर्षे त्या गावात मुलांना इंग्रजी शिकवणारा एक अबोल हेडमास्तर होता, हे तिथल्या केळीच्या व्यापाऱ्याला सांगितले तर तो प्रथम हसतो आणि मग चहा मागवतो. कवी विनायक तर जन्मानेच धुळ्याचे.

नोकरीची सव्वीस वर्षे मी भुसावळ ते जळगाव रोज रेल्वेने ये-जा केली. मध्ये भादली हे छोटे स्टेशन लागते. ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वेखाली अपघाती मृत्यू झाला तो याच स्टेशनाजवळ. गाडी तिथे सिग्नलला थांबली की डब्यातले लोक वैतागत आणि पत्त्यांचा डाव पुन्हा मांडत. मी मात्र खिडकीतून रुळांकडे बघत बसे आणि हातातल्या यादीवर नजर टाकी. यादी म्हणजे माझ्याकडे कोणत्या मासिकाचे कोणते अंक नाहीत त्याची वही. संग्राहकाजवळ खरे म्हणजे दोन वह्या असतात. असलेल्याची आणि नसलेल्याची. दुसरी नेहमीच जाड असते.

आता 'वरवर पाहता' असे मी का म्हटले ते सांगतो. ज्या जिल्ह्यात 'काव्यरत्नावली' छापली गेली त्याच जिल्ह्यात तिचे सुटे अंक मिळणे सर्वांत कठीण आहे. माझ्याकडे तिचे जे थोडे अंक आहेत त्यांतला एकही मला जळगाव जिल्ह्यात मिळालेला नाही. दोन नाशिकच्या एका फडताळातून आले, बाकीचे पुण्याच्या जुन्या बाजारातून. याची कारणे मी बरीच वर्षे शोधत होतो. खानदेशाने कागद जपला नाही असे म्हणता येत नाही. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करण्यात आयुष्य घातले, आणि इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारल्यावर त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. खेड्यापाड्यांतसुद्धा लाल बासनात बांधलेली पोथी मी पाहिली आहे, तिला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहिले जाते. पण पोथीला सोवळे असते, पुस्तकाला किंमत असते, आणि मासिकाला या दोन्हींपैकी काहीच नसते. घर वाटणीला निघाले की भांडी मोजली जातात, सोने मोजले जाते, पोथी थोरल्याकडे जाते, पुस्तके शिकलेल्याकडे जातात आणि मासिकांचा गठ्ठा वजनकाट्यावर जातो. शिवाय ती जिथल्या तिथे छापली गेल्यामुळे इथल्या लोकांना त्यांचे अप्रूप नव्हते. पुण्याच्या वर्गणीदाराने जळगावचे मासिक बांधून ठेवले, जळगावकराने मुंबईचे.

बांधून ठेवणे हा मासिक वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग, आणि त्याचे निम्मे नुकसानही तिथेच होते. वर्षाचे बारा अंक झाले की वर्गणीदार ते बाइंडरकडे देई. बाइंडर प्रथम सगळ्या अंकांची रंगीत वेष्टणे फाडून टाकी, कारण ती पातळ कागदाची असत आणि शिलाईत आडवी येत. मग बारा अंक एकावर एक ठेवून, कडेला टोचे मारून, कणा शिवून, तिन्ही बाजूंनी कापून काढी. त्यामुळे आज जे बांधीव खंड मिळतात त्यांत मजकूर सगळा असतो पण वेष्टण एकही नसते. वेष्टणावर काय असे, ते सुटा अंक हाती आला की कळते: वर्गणीचे दर, टपाल हशिलाची रक्कम, व्ही. पी. (पैसे भरून सोडवून घ्यायचे टपाल) परत पाठवणाऱ्यांना केलेली कळकळीची विनंती, केसांची तेले, शक्तिवर्धक गोळ्या, घड्याळे आणि हार्मोनियम यांच्या जाहिराती, 'पुढील अंकी' काय येणार त्याचे वचन, आणि पुष्कळदा अंकाला उशीर का झाला त्याची क्षमायाचना. मासिक कसे चालत होते, किंवा कसेबसे चालत होते, याचा पुरावा त्या फाडलेल्या चार पानांत असतो. म्हणून एक बांधीव खंड आणि चार मळकट सुटे अंक यांतून एकच निवडायचे झाले तर मी सुटे अंक घेतो. माझ्या स्नेह्यांना हे वेडेपण वाटते, कारण कपाटात खंड शोभून दिसतो आणि सुटे अंक दिसत नाहीत.

अंकांच्या क्रमांकांचे शास्त्र वेगळेच आहे आणि नव्या माणसाला ते पहिल्याच महिन्यात चकवते. त्या काळी वार्षिक खंडाला 'पुस्तक' म्हणत, तेव्हा 'पुस्तक ७ वें, अंक ३ रा' असे छापलेले असेल तर ते कुठले सातवे पुस्तक नव्हे, सातवे वर्ष आहे. काही अंकांवर इसवी सन असतो, काहींवर नुसता शक. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की बहुतेक महिन्यांचा हिशेब जमतो, पण पौष-माघात गाठ पडली की एक वर्ष पुढे जावे लागते. शिवाय अंक तुंबले की संपादक दोन महिन्यांचा जोडअंक काढून मोकळे होत. एका मासिकाचा कार्तिकाचा अंक मी सहा वर्षे शोधत होतो, गावोगावच्या लोकांना पत्रे घातली होती, आणि शेवटी माझ्याकडच्याच आश्विनाच्या अंकाचे वेष्टण नीट पाहिल्यावर तिथे बारीक टाइपात 'आश्विन-कार्तिक' असे दिसले. त्या सहा वर्षांत ज्यांनी माझ्यासाठी आपले माळे धुंडाळले त्यांना मी अजून हे सांगितलेले नाही.

सुटे अंक सापडतात ते अशाच माळ्यांवर. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मला मिळालेला गठ्ठा हा आजवरचा सर्वांत मोठा. धाब्याचे घर होते, पुढे ओटा, आत अंधारी खोली, आणि तिथे कणगीच्या मागे एक पत्र्याची ट्रंक. घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. त्यांचे सासरे शाळामास्तर होते आणि त्यांना मासिके येत असत, असे मला त्यांच्या नातवाकडून कळले होते. नातवाने ट्रंक ओढून ओट्यावर आणली, मी बसकण मारून एकेक अंक पुसायला लागलो आणि आजी भिंतीला टेकून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "इतली जुनी रद्दी लिसन काय करशात भाऊ?" मी म्हटले, वाचणार, आजी. त्यावर त्यांनी नातवाकडे अशा नजरेने पाहिले की मला चहा देण्यापूर्वी माझी विचारपूस नीट केली होतीस ना.

ते अंक १९१० ते १९२५ च्या दरम्यानचे होते, बहुतांश 'मनोरंजन'चे आणि काही 'चित्रमय जगत्'चे. कित्येकांवर टपालाची पत्त्याची चिठ्ठी अजून चिकटलेली होती आणि तिच्यावर मास्तरांच्या नावाखाली 'जि. पूर्व खानदेश' असे शिक्क्याच्या शाईत उमटलेले होते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेव्हा अशी चिठ्ठी ही माझ्यासारख्याला नाण्यावरच्या छापासारखी असते. कवितांच्या बाजूला मास्तरांनी पेन्सिलीने लघुगुरूच्या खुणा केल्या होत्या. एका ओळीत मात्रा कमी पडत होती तिथे त्यांनी कवीला सुचवल्यासारखा एक शब्द वर लिहिला होता आणि मग, बहुधा दुसऱ्या वेळी वाचताना, तो स्वतःच खोडला होता. बारीक टोकाची, जपून वापरलेली पेन्सिल होती ती. त्या एका खोडलेल्या शब्दात मला त्या काळचा वाचक जेवढा दिसला तेवढा कुठल्याही वाङ्मयेतिहासात दिसलेला नाही.

मी पैसे पुढे केले तेव्हा आजींनी ते घेतले नाहीत, पण एक अंक मात्र गठ्ठ्यातून काढून मांडीवर ठेवला. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्या मुलांच्या जन्माच्या तिथी आणि वेळा मास्तरांच्या अक्षरात नोंदलेल्या होत्या, त्यांत त्यांच्या यजमानांचीही होती. माझ्याकडे नेमका तो अंक नव्हता. मी त्याची पाने मोबाइलवर टिपून घेतली आणि अंक त्यांच्याकडेच ठेवला. नसलेल्याच्या वहीत त्या अंकासमोर मी फुली मारलेली नाही; बाजूला गावाचे नाव लिहून ठेवले आहे.

'मनोरंजन'बद्दल थोडे सांगायला हवे, कारण बाजारात जुन्या मासिकांचा भाव ठरतो तो त्याच्यावरून. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ते १८९५ च्या जानेवारीत मुंबईत सुरू केले आणि १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. त्या दिवाळी अंकाच्या मागे लागलेले लोक मी पाहिले आहेत. ते बाकीच्या अंकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. तसेच काही जण फक्त पहिले अंक जमवतात, पहिले वर्ष, पहिला अंक, मग मासिक कुठलेही असो. ज्याची त्याची हौस; पण पहिल्या अंकात संपादकाचा उत्साह आणि स्नेह्यांच्या शुभेच्छा यांपलीकडे फारसे काही नसते, असा माझा अनुभव आहे. मासिकाचा खरा रंग चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतो, जेव्हा वर्गणीदार गळायला लागलेले असतात आणि कविता कोणाच्या घ्यायच्या हे संपादकाला कळू लागलेले असते.

त्या अंकांत कविता कशी छापली जाई हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळदा ती पानपूरक असे: गद्य लेख पानाच्या मध्यावर संपला, खाली जागा उरली, तिथे कविता बसवली. त्यामुळे एखादी नितांत सुंदर कविता 'मधुमेह व त्यावरील उपाय' अशा जातीच्या लेखाच्या पायथ्याशी भेटते. शीर्षकाखाली कंसात वृत्ताचे नाव असे, किंवा चाल सांगितलेली असे, आणि ती चाल बहुधा गाजलेल्या संगीत नाटकातल्या पदाची. म्हणजे वाचक ती कविता मनातल्या मनात गाऊ शकत असे. त्याला तो हक्क छापूनच दिलेला होता. पुढे संग्रह निघाले तेव्हा ही चालीची ओळ पुष्कळ ठिकाणी गाळली गेली आणि कविता मुकी झाली. अनुस्वारांचेही तेच. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि 'तें', 'जें', 'नांव', 'कांहीं' यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. ते जाणे योग्यच होते, मी स्वतः तसेच लिहितो; पण जुन्या कवितेचे नवे संस्करण वाचताना ओळ थोडी टोकदार झाल्यासारखी वाटते, आणि मग जुना अंक उघडून ती टिंबांसकट वाचली की तिचा नाकातला हलका सूर परत येतो.

याच टिंबांमुळे मी संगणकावर चढवलेल्या प्रतींवर विसंबत नाही. त्या प्रती उपयोगी आहेत यात शंका नाही. मी रात्री-बेरात्री त्या उतरवून घेतो आणि ज्यांनी त्या चढवल्या त्यांचे उपकार मानतो. पण जुन्या कागदावर तपकिरी ठिपके पडलेले असतात आणि प्रत काळ्या-पांढऱ्यात केली की ठिपका आणि अनुस्वार यांत फरक उरत नाही. फिकट अनुस्वार नाहीसे होतात आणि कागदावरचे डाग अनुस्वार होऊन बसतात. एका चांगल्या अभ्यासकाने अशाच प्रतीवरून एका कवितेतला पाठभेद शोधून काढला होता आणि त्यावर दोन पाने लिहिली होती. माझ्याकडच्या अंकात त्या जागी कसरीने पाडलेले भोक आहे.

कसर हा आपल्याकडचा जुना शत्रू, पण खानदेशात त्याहून मोठा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की कागदातला ओलावा पार उडतो. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असते आणि ते कागदाला आतून खात राहते. त्याआधीचा चिंध्यांचा कागद शंभर वर्षांनंतरही घडी सोसतो, हा मात्र कोपरा दुमडला की पापडासारखा मोडतो. घरोघरी पुस्तकांना ऊन दाखवण्याची पद्धत आहे. ती धान्याला ठीक, कागदाला नाही. अंक सावलीत, वाऱ्यावर उघडे ठेवावेत, वेखंडाचे तुकडे कपाटात ठेवावेत, गंजलेल्या तारेच्या टाचण्या हलक्या हाताने काढून दोऱ्याने शिवावे आणि चिकटपट्टी कधीही लावू नये. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची अगदी सैल खळ. खळ दाट झाली की कसर आमंत्रणाशिवाय येते. हे सगळे मी चुका करून शिकलो. माझ्या पहिल्या पंचवीस अंकांवर चिकटपट्टीचे पिवळे पट्टे आहेत.

संस्थांविषयी लिहायचे टाळावे असे मी ठरवले होते, पण एक प्रसंग राहवत नाही. एका जुन्या वाचनालयाने जागा नाही म्हणून मासिकांचे खंड निकालात काढले. मला कळले तेव्हा निम्मे गेले होते. उरलेले मी किलोच्या भावाने घेतले आणि रिक्षात घालून घरी आणले. कारकून भला माणूस होता. त्याने प्रत्येक खंडावर 'रद्द' असा शिक्का मारूनच दिला, नियमाप्रमाणे, आणि तो शिक्का नेमका अनुक्रमणिकेच्या पानावर मारला. वाचनालयात या खंडांसाठी वर्षानुवर्षे कोणी आले नव्हते, हेही खरेच होते. मला राग आला तो जागेच्या अडचणीचा नव्हे. कुणाला विचारले नाही याचा. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली तेव्हा ते गावोगावची वाचनालये पालथी घालत हिंडले. आपण काय ठेवले आहे याची नुसती यादी जरी प्रत्येक वाचनालयाने आधी केली असती, तरी काढून टाकण्यापूर्वी हात थांबला असता.

वाचनालयातून आणलेल्या त्या खंडांमधूनच गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या कात्रणाचा धागा हाती लागला. एका खंडाच्या सुरुवातीला वर्षभराची अनुक्रमणिका होती, शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली अर्धी झाकलेली. 'कविता' या मथळ्याखाली शीर्षके आणि पृष्ठांक होते, कवींची नावे नव्हती. मी ती यादी बोटाने वाचत खाली येत होतो आणि माझ्या कात्रणाच्या पुढच्या बाजूवरचे ते सर्वांना पाठ असलेले शीर्षक आले. समोर आकडा होता २१३. पुस्तकाचे उजवे पान विषम असते. तेव्हा मागची बाजू २१४. आणि यादीत पुढच्याच ओळीला २१४ समोर शीर्षक होते: 'मोटेवर'.

मी लिफाफा काढला. ती तीन कडवी मला पाठच आहेत, पण आता शीर्षक कळल्यावर ती पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचली. विहिरीतून पाणी उपसणारी मोट ओढत बैल धावेच्या उतारावरून खाली जातात आणि मग पाठीमागे सरकत वर येतात, नाडा ताणतो आणि सैल पडतो, थारोळ्यात पाणी कोसळते, एवढे मला चाळीस वर्षे दिसत होते. पण कविता विहिरीविषयी आहे की माणसाच्या येण्या-जाण्याविषयी, असा घोळ मी उगाच घालत बसलो होतो. कवीने शीर्षकात सरळ सांगितले होते. वाफ्यातल्या पाण्याच्या वर्णनात एक शब्द तर आमच्या इकडचा आहे, पण त्यावरून कवी खानदेशातला ठरवण्याचा मोह मी आवरतो.

खंड उघडून २१४ वे पान काढले. त्या खंडात २०९ ते २२४ ही सोळा पाने नाहीत. बाइंडरकडून एक फर्मा गळाला असावा. शिलाई शाबूत आहे, फाडल्याची खूण नाही. माझ्या दुसऱ्या वहीत आता त्या मासिकाचे नाव, पुस्तक, अंक आणि पृष्ठ २१४-२१५ अशी नोंद आहे. पूर्वी तिथे नुसते प्रश्नचिन्ह होते. येत्या रविवारी चोपड्याच्या एका गृहस्थांकडे जायचे आहे. त्यांच्या वडिलांच्या पेटीत सुटे अंक आहेत, वेष्टणासकट, असे ते फोनवर म्हणाले. किती सालचे ते त्यांना सांगता येईना. एका अंकाच्या पाठीवर घड्याळाची जाहिरात आहे, एवढे त्यांनी वाचून दाखवले.